राजमार्गावरील पादचारी : ब्रिटनमधील नगररस्त्यांच्या सुरक्षिततेचा इतिहास

१

इंग्लंडच्या रूढ कायद्याने प्रत्येक प्रजाजनास राजमार्गावरून निर्वेधपणे जाण्यायेण्याचा हक्क दिलेला होता. घोडेस्वार, गाडीवान आणि पायी चालणारा मनुष्य यांच्यामध्ये या हक्काच्या बाबतीत उच्चनीच भाव नव्हता. रस्ता कोठे ओलांडावा अथवा किती त्वरेने ओलांडावा, यासंबंधी पादचाऱ्यावर कोणतेच बंधन नव्हते. उलट, १८३५ च्या हमरस्तेविषयक कायद्याच्या ७२ व्या कलमाने पदपथावरून घोडा अथवा गाडी हाकणे हा गुन्हा ठरविला. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पादचाऱ्याची कायद्यातील स्थिती मोठी बळकट होती. पदपथ हा केवळ त्याचा होता आणि उरलेला रस्ता इतर सर्वांच्या बरोबरीने त्याचाही होता.

हा हक्क पुढे कोणत्याही कायद्याने सरसकट रद्द केला नाही. केवळ मोटारींसाठी राखून ठेवलेले महामार्ग वगळले, तर ग्रेट ब्रिटनमध्ये मनास येईल तेथे रस्ता ओलांडणे हा आजही गुन्हा नाही. असे असूनही १९६९ च्या सुमारास ब्रिटिश शहरातील पादचारी लोखंडी कठड्यांच्या आतून चालत होता, रस्त्याखालील भुयारांतून पलीकडे जात होता आणि एका खांबावरील कळ दाबून दिवा बदलण्याची वाट पाहत उभा राहत होता. हक्क कागदावर अबाधित राहिला आणि रस्ता मात्र पायांखालून निघून गेला. हे स्थित्यंतर कोणी दुष्ट हेतूने घडवून आणले असेही नाही. ते बहुतांशी पादचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी योजलेल्या उपायांतूनच घडले. ते कसे घडले आणि त्याची किंमत कोणी दिली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

रस्त्यावरील धोका टाळण्याचे मूलतः दोनच मार्ग संभवतात. ज्याच्यापासून धोका उत्पन्न होतो त्यास आवरणे, हा एक. आणि ज्यास धोका पोहोचतो त्यास दूर ठेवणे, हा दुसरा. ब्रिटिश पार्लमेंटने आरंभी पहिला मार्ग स्वीकारला, आणि तोही काहीशा टोकाला जाऊन. १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या यंत्रगाड्यांस शहरात ताशी दोन मैल व शहराबाहेर ताशी चार मैल एवढीच गती दिली, आणि गाडीच्या पुढे साठ यार्डांवर एका मनुष्याने लाल निशाण घेऊन चालावे असे फर्माविले. म्हणजे यंत्राची गती पायी चालणाऱ्या मनुष्याच्या गतीला बांधून टाकली. या कायद्याची पुढे पुष्कळ टवाळी झाली. तथापि, रस्त्यावर नव्याने येणाऱ्याने आधीपासून तेथे असणाऱ्याशी जुळवून घ्यावे, हे त्यामागील तत्त्व हास्यास्पद नव्हते.

लंडनच्या पार्लमेंटगृहाजवळ १८६८ च्या डिसेंबरात उभारलेला जगातील पहिला वाहतूकदर्शक खांब याच दृष्टीचा द्योतक होता. जॉन पीक नाइट या रेल्वेच्या अभियंत्याने रेल्वेच्या सिग्नलवरून त्याची रचना केली होती. दिवसा लाकडी हात आणि रात्री लाल व हिरवे गॅसचे दिवे दाखवून घोडागाड्या थांबवाव्यात आणि पायी जाणाऱ्यांस वाट द्यावी, हा त्याचा हेतू होता. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन तो चालविणारा पोलीस शिपाई भाजला आणि तो प्रयोग अनेक वर्षांसाठी मागे पडला.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात प्रात्यक्षिकासाठी फिरविल्या जाणाऱ्या एका मोटारीखाली ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीने घेतलेला हा पहिला पादचाऱ्याचा बळी होय. चौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय देण्यात आला आणि असा प्रसंग पुन्हा न घडो, अशी इच्छा मृत्युसमीक्षकाने व्यक्त केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवा कायदा अमलात येऊन मोटारींवरील जुनी बंधने उठली. १९०३ च्या कायद्याने वेगमर्यादा ताशी २० मैलांवर नेली, आणि ती पुढे सुमारे सत्तावीस वर्षे टिकली. टिकली म्हणजे कायद्याच्या पुस्तकात टिकली. रस्त्यावर ती कोणी फारशी पाळीत नसे.

३

या विषयाच्या इतिहासात १९३० ते १९३५ ही पाच वर्षे निर्णायक ठरली. १९३० च्या रस्तावाहतूक कायद्याने विमा सक्तीचा केला, बेदरकार चालकांस शिक्षा सांगितल्या आणि त्याचबरोबर मोटारींवरील वेगमर्यादा समूळ काढून टाकली. जी मर्यादा सर्वत्र मोडली जाते तिने कायद्याचीच अप्रतिष्ठा होते, असा युक्तिवाद त्यामागे होता. या कायद्याच्या वेळी मजूर पक्षाचे हर्बर्ट मॉरिसन वाहतूकमंत्री होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मोटारीला मोकळीक देणे हे कोणा एकाच पक्षाचे धोरण नव्हते. ते त्या काळाच्या प्रगतीच्या कल्पनेशी जोडलेले होते.

परिणाम दिसून येण्यास विलंब लागला नाही. १९३० साली ग्रेट ब्रिटनमध्ये सर्व मिळून अवघी २३ लाख मोटारवाहने होती आणि तरीही वर्षास सात हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मरत होती. १९३४ साली मृतांचा आकडा ७,३४३ वर आणि जखमींचा २,३१,६०३ वर गेला. मृतांपैकी सुमारे निम्मे पादचारी होते. मोटार बाळगणारे थोडे आणि त्यांच्या चाकांखाली येणारे पुष्कळ, अशी ही विषम विभागणी होती.

तिच्याविरुद्ध आवाज उठविण्यासाठी १९२९ मध्येच पादचाऱ्यांची एक संघटना स्थापन झाली होती. राष्ट्रसंघाच्या पुरस्कर्त्यांपैकी एक आणि पुढे नोबेल शांततापारितोषिकाचे मानकरी ठरलेले लॉर्ड रॉबर्ट सेसिल हे तिचे अध्यक्ष होते. राष्ट्राराष्ट्रांतील हिंसेचा विचार करणाऱ्या पुरुषास रस्त्यावरील हिंसा निराळ्या जातीची वाटली नाही, हे लक्षणीय आहे.

उलट पक्षाचे म्हणणे १९३४ च्या विधेयकावरील चर्चेत उघडपणे मांडले गेले. कॉमन्स सभेतील मूर-ब्रॅबझन या सभासदाने वेगमर्यादेस विरोध करताना असा मुद्दा मांडला, की प्रतिवर्षी सहा हजारांवर माणसे आत्महत्या करतात आणि त्याबद्दल कोणी गवगवा करीत नाही. पूर्वी मोटारींखाली कोंबड्या मरत असत, पुढे त्या शहाण्या झाल्या, या अनुभवाचेही त्याने सभेला स्मरण करून दिले. माणसेही तशीच शहाणी होतील, असा त्याचा मथितार्थ होता. हाच गृहस्थ १९४० मध्ये देशाचा वाहतूकमंत्री झाला. त्याचे उद्गार क्रूर वाटले, तरी पुढील काळातील धोरणाचे सूत्र त्यात येऊन गेले होते. मोटार बदलणार नाही, मनुष्याने शिकावे.

विधेयक मात्र संमत झाले. जेथे रस्त्यावर दिव्यांचे खांब दोनशे यार्डांहून कमी अंतरावर आहेत तो वस्तीचा भाग समजावा, आणि तेथे मोटारीने ताशी ३० मैलांहून अधिक वेगाने जाऊ नये, हा नियम १८ मार्च १९३५ पासून अमलात आला. नव्या चालकांस परीक्षा सक्तीची झाली. मृतांची संख्या १९३५ साली घटली. वेग आवरल्याने माणसे वाचतात, हा पुरावा त्या एका वर्षाने पुढे ठेवला होता.

४

त्याच सुमारास दुसऱ्या मार्गाचाही आरंभ झाला. १९३४ च्या जूनमध्ये वाहतूकमंत्री झालेल्या लेस्ली होर-बेलिशा यांनी रस्ते ओलांडण्याच्या निश्चित जागा आखून दिल्या. रस्त्यात पोलादी गोल खिळे ठोकून दोन समांतर रेषा काढीत आणि दोन्ही कडांना काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या खांबावर नारिंगी गोळा बसवीत. लंडनमध्ये रस्ता ओलांडताना मंत्रिमहोदय स्वतःच एका मोटारीखाली येता येता वाचले होते, असे सांगतात. नारिंगी गोळ्यांस लोकांनी त्यांचेच नाव दिले आणि पोरांनी त्यांवर दगडांनी नेम धरले. तेव्हा काचेचे गोळे काढून अधिक टिकाऊ बसवावे लागले.

या योजनेचे स्वरूप दुहेरी होते. खिळ्यांच्या आत पादचाऱ्यास अग्रहक्क मिळाला, हा निःसंशय लाभ होता. परंतु अमुक जागी त्याचा हक्क आहे असे सांगितले, की अन्यत्र तो नाही असा अर्थ आपोआप निघतो. जो हक्क संपूर्ण रस्त्यावर अनिश्चित स्वरूपात पसरलेला होता, तो निश्चित होता होता आठ-दहा फुटांच्या पट्ट्यात आकसला. कायदा असे म्हणत नव्हता. तथापि चालक तसे समजू लागले, आणि कालांतराने पादचारीही तसेच समजू लागले.

न्यायालयांनी मात्र जुन्या तत्त्वाचा धागा काही काळ हातून सुटू दिला नाही. लंडनमधील एका खटल्याचा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४९ मध्ये दिला. दिवा वाहनांना अनुकूल असताना, उभ्या असलेल्या टॅक्सीच्या आडून, एक स्त्री ओलांडण्याच्या जागेवर आली आणि बसखाली सापडली. तिची चूक न्यायासनाने नाकारली नाही. परंतु ओलांडजागेवर कोणी नाही हे दिसत नसेल, तर थांबता येईल एवढ्याच वेगाने तिच्याजवळ जाणे हे चालकाचे कर्तव्य असल्याने बसकंपनीस जबाबदार धरण्यात आले. लॉर्ड अथवॅट यांनी आपल्या निर्णयात स्पष्ट केले, की इतर लोक सावधपणेच वागतील असे धरून चालण्याचा चालकास अधिकार नाही. माणसे चुकतात हा नित्याचा अनुभव आहे आणि त्या अनुभवाची जाणीव ठेवूनच वाहन चालविले पाहिजे. रस्त्याच्या रचनेत हे तत्त्व उतरले असते, तर पुढील इतिहास निराळा झाला असता.

प्रत्यक्षात रचनेवर प्रभाव पडला तो दुसऱ्याच विचाराचा. लंडनच्या पोलीसदलातील वाहतुकीचे प्रमुख अधिकारी सर ॲल्कर ट्रिप यांनी १९३८ व १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असे प्रतिपादन केले, की रेल्वेच्या रुळांवर माणसांस फिरू देत नाहीत, त्याचप्रमाणे शीघ्रवाहतुकीच्या रस्त्यांपासूनही त्यांस वेगळे ठेवले पाहिजे. मोठे रस्ते कठड्यांनी बंद करावे आणि त्यांच्या मधल्या भागात घरे, दुकाने व पादचारी यांसाठी शांत आवारे निर्माण करावीत, अशी त्यांची योजना होती. ट्रिप हे निर्दय नव्हते. उलट अपघातांच्या कागदपत्रांत आयुष्य घालविल्यामुळे ते या निष्कर्षास आले होते. परंतु त्यांच्या योजनेपैकी कठडे स्वस्त होते आणि शांत आवारे महाग. त्यामुळे कठडे आधी आले आणि आवारांना फार काळ थांबावे लागले.

दरम्यान महायुद्ध सुरू झाले. १९३९ च्या सप्टेंबरपासून रस्त्यांवर काळोख करण्यात आला आणि पेट्रोल दुर्मीळ असतानाही १९४१ साली ९,१६९ माणसे रस्त्यांवर मेली. ब्रिटनच्या इतिहासातील हा उच्चांक आहे. युद्ध संपल्यावर पादचारी-संघटनेचे जे. एस. डीन यांनी १९४७ मध्ये एक जहाल पुस्तिका लिहिली आणि रस्त्यावरील मृत्यूस अपघात म्हणण्यासच हरकत घेतली. लहान मुलांना सावधगिरीच्या नावाखाली भीती शिकविली जाते आणि धोका निर्माण करणारा मोकळा राहतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. तिची दखल सरकारदरबारी फारशी घेतली गेली नाही.

५

खिळ्यांच्या रेषा चालकास दुरून दिसत नसत. म्हणून सरकारी रस्तासंशोधनशाळेने निरनिराळ्या आकृत्या रंगवून पाहिल्या आणि काळ्यापांढऱ्या रुंद पट्ट्यांची निवड केली. १९४९ पासून प्रयोग होऊन १९५१ मध्ये ‘झेब्रा’ या नावाने ही ओलांडजागा कायद्यात आली. मुंबई-पुण्याच्या रहिवाशांस परिचित असलेले पट्टे हेच. मात्र त्यांच्याबरोबर आलेली एक अट कमी परिचित आहे. पट्ट्यांचा मान राखला जावा म्हणून जुन्या ओलांडजागांची संख्या मोठ्या प्रमाणात घटविण्यात आली. हक्क अधिक ठळक झाला आणि त्याच वेळी अधिक विरळ झाला.

झेब्राच्या बाजूने एक गोष्ट निश्चित सांगितली पाहिजे. तेथे पादचाऱ्याने पट्ट्यावर पाऊल टाकले की मोटारीने थांबावयाचे असते. परंतु वाहने वाढू लागली तसा हाच गुण दोष मानला जाऊ लागला. पादचाऱ्यांची रीघ लागली की वाहतूक खोळंबते, अशी तक्रार झाली. १९६२ च्या एप्रिलमध्ये वॉटर्लू स्थानकाबाहेर ‘पँडा’ नावाची नवी ओलांडजागा सुरू झाली. तिच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांचा अर्थ लोकांना उमगेना, म्हणून ती टिकली नाही. १९६९ मध्ये ‘पेलिकन’ आली आणि रुळली. येथे पादचारी कळ दाबतो आणि थांबतो. दिवा त्याला कधी वाट देईल, हे यंत्र ठरविते. झेब्रावर मोटार पादचाऱ्याची वाट पाहत असे. पेलिकनवर पादचारी मोटारीची वाट पाहू लागला. १८६५ मध्ये जे नाते होते, ते शंभर वर्षांत बरोबर उलटे झाले.

कॉलिन ब्यूकॅनन यांनी १९६३ मध्ये शहरांतील वाहतुकीसंबंधी सरकारला सादर केलेला प्रसिद्ध अहवाल याच दशकातला. मनुष्य किती मोकळेपणाने चालू शकतो आणि इकडेतिकडे पाहू शकतो, यावरून नगराच्या सुसंस्कृतपणाची परीक्षा होते, असे मर्मग्राही विधान त्यात आहे. प्रत्येक वस्तीला सोसेल एवढीच वाहतूक तेथे येऊ द्यावी, असेही तो सुचवितो. पण त्याच अहवालात वाहने खाली आणि माणसे वरच्या सज्जांवर, अशी भव्य चित्रेही होती. नगरपालिकांनी विधानापेक्षा चित्रे अधिक मनावर घेतली. अनेक शहरांतून वर्तुळाकार मार्ग निघाले आणि त्यांच्याखाली पादचाऱ्यांसाठी भुयारे खणली गेली. वाहन सपाटीवरून सरळ जाई. पाठीवर ओझे किंवा कडेवर मूल असलेली स्त्री पायऱ्या उतरे आणि चढे.

६

या उपायांनी माणसे वाचली नाहीत काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. शांततेच्या काळातील सर्वाधिक मृत्यू १९६६ मध्ये, ७,९८५, नोंदले गेले. त्यानंतर आकडा उतरत जाऊन २०२३ साली तो १,६२४ झाला आणि त्यात पादचारी ४०५ होते. वाहनांची संख्या अनेक पटींनी वाढलेली असताना झालेली ही घट लहान नाही. चालकांच्या मद्यपानावरील बंदी, वाहनांची सुधारलेली रचना, वैद्यकीय मदत यांचा तीत मोठा वाटा आहे, आणि ओलांडजागांचाही आहे.

परंतु मृत्यूचा आकडा हे सुरक्षिततेचे एकमेव माप आहे काय? मेयर हिलमन व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये केलेल्या अभ्यासाने या प्रश्नास एक अस्वस्थ करणारे उत्तर दिले. १९७१ साली इंग्लंडमधील सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुले वडीलधाऱ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते. रस्ते सुरक्षित झाले म्हणून मुले मरेनाशी झाली असे नव्हे, तर रस्ते इतके भयप्रद झाले की मुलांना तेथे जाऊच देत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या नदीत कोणी उतरत नाही तीत कोणी बुडत नाही. तेवढ्यावरून नदी उथळ झाली असे म्हणता येत नाही. १९३८ मध्ये पार्लमेंटने मुलांच्या खेळासाठी काही रस्ते वाहनांस बंद करण्याची मुभा देणारा कायदा केला होता, तो या काळात जवळजवळ विस्मृतीत गेला. कोंबड्या शहाण्या झाल्या, हे १९३४ मधील भाकीत अशा रीतीने खरे ठरले.

७

पहिल्या मार्गाकडे परतण्याची चिन्हे याच काळात तुरळकपणे दिसू लागली होती. नॉरिच शहराने १९६७ मध्ये लंडन स्ट्रीट हा बाजाररस्ता प्रयोगादाखल वाहनांस बंद केला आणि पुढे तो कायमचा पादचाऱ्यांच्या स्वाधीन केला. येथे पादचाऱ्यास वर किंवा खाली पाठविले नाही. वाहनालाच बाहेर थांबविले. १९९१ मध्ये शेफील्ड, किंग्स्टन व नॉरिच येथील काही वस्त्यांतून ताशी २० मैलांची मर्यादा घालून उंचवट्यांनी व वळणांनी ती अमलात आणण्यात आली. लंडनमधील अशा क्षेत्रांचा वीस वर्षांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हताहतांची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले, आणि लहान मुलांच्या बाबतीत लाभ विशेष होता. या शतकाच्या आरंभी लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरील लोखंडी कठडे उपटून काढण्यात आले. अपघात वाढतील ही भीती खोटी ठरली. ते कमी झाले.

२९ जानेवारी २०२२ पासून ब्रिटनच्या रस्तानियमावलीत असे तत्त्व नमूद झाले, की ज्याच्याकडून अधिक इजा संभवते त्याची जबाबदारी अधिक. चौकात वळणाऱ्या मोटारीने रस्ता ओलांडण्यासाठी केवळ उभा असलेल्या पादचाऱ्यासही वाट द्यावी, असे त्यात सांगितले आहे. २०२३ च्या सप्टेंबरात वेल्समध्ये वस्तीच्या रस्त्यांवरील सर्वसाधारण मर्यादा ताशी २० मैल झाली. तिला प्रखर विरोध झाला आणि काही रस्ते पुढे वगळावेही लागले. म्हणजे १९३४ चा वाद मिटलेला नाही. फक्त त्यातील एक पक्ष पुन्हा उभा राहिला आहे.

८

या इतिहासाचा भारताशी असलेला संबंध दूरान्वयाचा नाही. पट्टेरी ओलांडजागा, कठडे आणि पादचाऱ्यास रस्त्यावरून उचलून अन्यत्र नेण्याची कल्पना ही सारी आपल्या शहरांनी घेतली. २००८ मध्ये मुंबईत वांद्रे स्थानकापासून उंचावरील पादचारी मार्ग खुला झाला आणि त्यामागोमाग महानगर परिसरात असे आणखी मार्ग उभे राहिले. ब्यूकॅननच्या चित्रातील हेच सज्जे होत. मात्र जे घ्यावयाचे होते, ते मागे राहिले. पट्टे आले, पण पट्ट्यावर पाऊल पडताच चाक थांबविण्याची सवय आली नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवर मरण पावलेल्या १,६८,४९१ माणसांत ३२,८२५ पादचारी होते. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. हा हक्क आता शब्दांत उतरला आहे. पण शब्दांत उतरलेला हक्क रस्त्यावरून कसा नाहीसा होऊ शकतो, हे ब्रिटनच्या शंभर वर्षांनी दाखवून दिले आहे.

त्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. प्रत्येक नव्या उपायाविषयी एकच प्रश्न विचारावा : या रस्त्यावर आता कोणी थांबावयाचे? उत्तर ‘पादचाऱ्याने’ असे येत असेल, तर माणसे कदाचित वाचतील. पण रस्ता त्यांचा राहणार नाही. उत्तर ‘वाहनाने’ असे येत असेल, तर दोन्ही राखता येतात. १९३५ सालीच हे कळण्याइतका पुरावा हाताशी होता.